दोन गांजेकस, एक बर्गर आणि आपला सात्त्विक संताप

स्टोनर कॉमेडी म्हणजे गांजाची जाहिरात, हा आरोप आता इतका गुळगुळीत झाला आहे की तो करणाऱ्याला चित्रपट बघायचीही गरज वाटत नाही. दोन रिकामटेकडे दोस्त, बोटांत पेटलेला जॉइंट, मागे पोलीस, पुढे कसलं तरी फडतूस काम आणि दीड तास शिवीगाळ. याला विनोद म्हणायचं? आपल्या पोरांनी मोबाइलवर हे बघायचं? ‘व्यसनाचं उदात्तीकरण’ असा शिक्का मारला की विषय मिटतो. मला तो इतक्यात मिटू द्यायचा नाही. हा शिक्का भलत्याच चित्रपटांवर बसतो आहे आणि ज्यांच्यावर बसायला हवा ते आपण पिढ्यान्‌पिढ्या रुमाल भिजवत बघत आलो आहोत.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे १९७८ चा ‘अप इन स्मोक’. चीच मरिन आणि टॉमी चाँग या जोडीचा पहिला चित्रपट. त्यातला गाडीतला प्रसंग घ्या. दोघांनी मिळून एक अवाढव्य जॉइंट ओढला आहे. त्यातला बराचसा माल कुत्र्याने आधी खाल्लेला आणि यथावकाश बाहेर टाकलेला होता, हे ओढून झाल्यावर कळतं. गाडीत धूर इतका की काचांपलीकडचं काही दिसत नाही. चीच स्टीअरिंग घट्ट धरून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात विचारतो, मी गाडी नीट चालवतोय ना? चाँग बाहेर डोकावतो, बराच वेळ विचार करतो आणि सांगतो की आपण बहुतेक थांबलेलो आहोत. गाडी दुभाजकावर उभी आहे.

ही जाहिरात असेल तर ती करणाऱ्या कंपनीची कीव करायला हवी. वस्तू वापरणारा माणूस आधीपेक्षा देखणा, हुशार किंवा श्रीमंत दिसावा, ही जाहिरातीतली पहिली अट. इथे वस्तू वापरणाऱ्याला आपण कुठे आहोत हेही कळत नाही, आणि प्रेक्षक हसतो तो त्याच्याच फजितीला. गांजा ओढणाऱ्याची इतकी टिंगल व्यसनमुक्तीच्या एकाही पोस्टरने केलेली नाही.

उदात्तीकरण बघायचं असेल तर ‘देवदास’ बघा. शरदबाबूंच्या १९१७ सालच्या कादंबरीतला हा बेवडा प्रत्येक पिढीने आपल्या लाडक्या नटाच्या हवाली केला. सैगल, १९५५ मध्ये दिलीपकुमार, २००२ मध्ये शाहरुख खान. दारू पिऊन देवदास अधिक सुंदर बोलतो, अधिक खोल प्रेम करतो, दोन बायका त्याच्यासाठी झुरतात आणि त्याचं मरण राजघराण्यातल्या मरणासारखं चित्रित होतं. दारूने माणूस मोठा होतो, असं सांगणारा याहून परिणामकारक चित्रपट मला ठाऊक नाही. त्याला आपण अभिजात म्हणतो, आणि गाडी हरवून बसलेल्या दोन येड्यांना संस्कृतीवरचं संकट.

नशेत असलेल्या माणसाला हसणं आपल्या परंपरेत बसत नाही, असंही एक पालुपद असतं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. दारूविरुद्ध मराठीत लिहिलेलं सर्वात धारदार नाटक. पण प्रेक्षागृह डोक्यावर घेतलं जायचं ते तळीरामाच्या आणि त्याच्या आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांना. गडकऱ्यांनी दारुड्यांच्या तोंडी मराठीतला काही अव्वल विनोद घातला आणि कोणी त्यांच्यावर मद्यप्रसाराचा ठपका ठेवला नाही.

यावर मुरलेला आक्षेपक लगेच म्हणेल की तळीरामाला आणि सुधाकराला शिक्षा होते, घर धुळीला मिळतं, सुधाकराची बायको सिंधू मरते. चीच आणि चाँगचं काय वाकडं होतं? मुद्दा बिनतोड वाटतो. पण शिक्षा दाखवली की प्रेक्षक धडा शिकतो, हे गृहीत तपासून बघण्यासारखं आहे, आणि ते तपासून झालेलं आहे.

१९३६ साली अमेरिकेत ‘रीफर मॅडनेस’ नावाचा चित्रपट निघाला. पालकांना सावध करण्यासाठी. त्यात गांजा ओढणारी मुलं गाडीखाली माणूस चिरडतात, खून करतात, आत्महत्या करतात, वेडी होतात. एकालाही सोडलेलं नाही. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, अमेरिकेने गांजावर कर लादणारा कायदा आणून त्याची कोंडी केली. मग हा चित्रपट अडगळीत गेला. १९७२ मध्ये गांजाबंदी उठवू पाहणाऱ्या ‘नॉर्मल’ या संघटनेच्या कीथ स्ट्रुप यांनी त्याची प्रिंट २९७ डॉलरना विकत घेतली आणि कॉलेजांत दाखवायला सुरुवात केली. पोरांनी हसूनहसून गडबडा लोळायचं बाकी ठेवलं. गांजाबंदीच्या विरोधकांच्या चळवळीला पैसा उभा करून दिला तो गांजाविरोधी चित्रपटाने! प्रेक्षकाला भीती घातली की तो खोटेपणा आधी हुंगतो. ज्याने एखाद्या मित्राला गांजा ओढून फक्त फ्रिज रिकामा करताना पाहिलं आहे, त्याला खून आणि वेडाच्या गोष्टी सांगून काय साधणार?

गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात त्याची सवय लागलेल्या मुलांचे हाल होतात, ते मानसोपचारतज्ज्ञ सांगतात आणि ते खरं आहे. नशेत गाडी चालवणं हा गुन्हा आहे आणि असायलाच हवा. प्रश्न चित्रपटाचा आहे. चित्रपटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याच्या सवयीने काय होतं, याचाही दाखला टॉमी चाँगच्याच आयुष्यात आहे.

२००३ मध्ये अमेरिकन सरकारने ‘ऑपरेशन पाइप ड्रीम्स’ नावाची मोहीम काढली आणि गांजा ओढायच्या काचेच्या नळ्या विकणाऱ्यांवर देशभर छापे घातले. चाँगच्या घरची अशी एक कंपनी होती. बायकोला आणि मुलाला यात ओढू नये म्हणून त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरवण्याच्या वेळी सरकारी वकिलांनी त्याचे चित्रपट पुढे केले. हा माणूस गांजाला झगमगीत करून श्रीमंत झाला, पोलिसांच्या कामाची त्याने टर उडवली, असं त्यांचं म्हणणं. पासष्ट वर्षांच्या नटाला नऊ महिन्यांचा तुरुंग आणि २०,००० डॉलर दंड झाला. पडद्यावरच्या विनोदाचा हिशेब माणसाकडून वसूल झाला. ‘उदात्तीकरण’ हा शब्द आपण चहा पिता पिता वापरतो. सरकारच्या तोंडी तो गेला की असा वापरला जातो. आपल्याकडेही २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’वर कात्री चालवायची तयारी झाली होती. तो तर नशेने पोखरलेल्या गावांवरचा चित्रपट. मुंबई उच्च न्यायालयाने एकच काट ठेवून त्याला वाट मोकळी करून दिली. ‘अप इन स्मोक’ला मात्र २०२४ मध्ये अमेरिकेच्याच लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत मानाने घेतलं. एका हाताने तुरुंग, दुसऱ्या हाताने मानपत्र.

आता खऱ्या विषयाकडे. हे चित्रपट लोकांना आवडतात कशामुळे? ‘डोकं बाजूला ठेवून बघायचे’ असं त्यांचे चाहते सांगतात, तेही मला मान्य नाही. अशा वकिलांपेक्षा विरोधक परवडले.

हॉलिवूडच्या नायकाला काहीतरी प्रचंड हवं असतं. जग वाचवायचं असतं, बापाचा सूड घ्यायचा असतो, ऑलिम्पिक जिंकायचं असतं. स्टोनर कॉमेडीच्या नायकाला काय हवं असतं? ‘द बिग लेबोस्की’मध्ये (१९९८) ड्यूडला आपला गालिचा परत हवा आहे, कारण त्यावर कोणीतरी येऊन मुतून गेलं. ‘फ्रायडे’मध्ये (१९९५) दोनशे डॉलर हवे आहेत. ‘हॅरल्ड अँड कुमार गो टू व्हाइट कॅसल’मध्ये (२००४) बर्गर हवे आहेत. बस्स. एवढीशी मागणी, तीही सहजासहजी पुरी होत नाही, आणि तिच्यामागे फिरताफिरता सगळा देश, त्याचे पोलीस, त्याचे श्रीमंत, त्याची युद्धं आडवी येतात. मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. चिं. वि. जोशांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊंना तरी कुठे जग जिंकायचं असतं? साध्या कामाला निघालेले दोघे संकटांची माळ लावतात आणि आपण त्यांच्या प्रेमात पडतो. इथे फक्त माणसांना साधं ठेवण्यासाठी गांजा आहे. महत्त्वाकांक्षेतून सुटका करून देणारी ती पटकथेतली एक युक्ती आहे.

आणि नीट बघा, या चित्रपटांत सुरुवातीला नोकरीचा काच असतो. ‘फ्रायडे’तल्या क्रेगला सुटीच्या दिवशी कामावरून काढलं आहे. हॅरल्ड बँकेत खालमानेने राबतो आणि शुक्रवारी संध्याकाळी गोरे सहकारी आपलं काम त्याच्या टेबलावर टाकून मौज करायला जातात. ‘पाइनॅपल एक्स्प्रेस’मधला (२००८) डेल कोर्टाची समन्सं वाटत फिरतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या खातो. माणसाला चोवीस तास उपयोगी ठेवणाऱ्या देशात दोन जण एक रात्र निरुपयोगी राहायचं ठरवतात. प्रेक्षकाला हेवा वाटतो तो त्या रात्रीचा. आयटीतल्या आपल्या पोरांना हॅरल्ड का आपला वाटतो, हे शोधायला समाजशास्त्रज्ञ नकोत.

‘फ्रायडे’बद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण माझ्या मते हा या जातीतला सर्वोत्तम चित्रपट आहे. आइस क्यूब आणि डीजे पूह यांनी लिहिलेला, एफ. गॅरी ग्रेचा पहिला मोठा चित्रपट, खर्च जेमतेम ३५ लाख डॉलर. जागा लॉस एंजेलिसचा दक्षिण भाग, साउथ सेंट्रल. याच वस्त्यांवर १९९१ मध्ये ‘बॉइज एन द हूड’ आला होता आणि त्यात आइस क्यूबनेच काम केलं होतं. १९९२ मध्ये तिथे दंगली पेटल्या. त्यानंतर साउथ सेंट्रल म्हटलं की बंदुका आणि प्रेतं, असं समीकरणच झालं. आइस क्यूबला त्याच गल्लीतला एक साधा शुक्रवार दाखवायचा होता. क्रेग आणि त्याचा दोस्त स्मोकी घराच्या ओसरीवर बसून असतात. लोक येतात, जातात, उसनं मागतात, भांडतात. हा चक्क कट्टा आहे. स्मोकीने विकायला आणलेला गांजा स्वतःच ओढून संपवला आहे आणि आइस्क्रीमच्या गाडीतून फिरणाऱ्या बिग वर्मला रात्री दहापर्यंत दोनशे डॉलर द्यायचे आहेत. गल्लीतला दांडगा डीबो येताजाता लोकांच्या वस्तू हिसकावतो. शेवटी क्रेगच्या हातात पिस्तूल येतं. बापाने त्याला आधीच सुनावलेलं असतं की पुरुषाने मुठींनी लढावं, हरला तरी जिवंत राहतो. क्रेग पिस्तूल खाली ठेवतो. नव्वद मिनिटं हसवून चित्रपट नेमक्या इथे आणून सोडतो, आणि उपदेशाचा वासही येऊ देत नाही. ज्यांना यात फक्त धूर दिसला त्यांनी चष्म्याचा नंबर तपासावा.

हॅरल्ड आणि कुमारची गोष्ट मराठी घरांना आणखी जवळची आहे. जवळजवळ सगळा चित्रपट न्यू जर्सीत घडतो, जिथे एडिसनच्या आसपास हजारो भारतीय कुटुंबं राहतात आणि त्यांत मराठी मंडळी काही कमी नाहीत. मुलाने डॉक्टर व्हायचं हे तिथल्या घरांत मुलाच्या जन्माआधी ठरतं. कुमार पटेल हुशार आहे, वैद्यकीय प्रवेश त्याला सहज मिळेल, म्हणूनच तो मुलाखतीत मुद्दाम माती खातो. रात्रीच्या भटकंतीत चुकून त्याला ऑपरेशन थिएटरात ढकललं जातं, तर तो गोळी लागलेल्या माणसाला वाचवतो. म्हणजे येत नाही म्हणून नव्हे, सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलंय म्हणून त्याला डॉक्टर व्हायचं नाही. हे दुखणं अमेरिकेतल्या किती मराठी मुलांचं आहे, ते त्यांच्या आईबापांनी स्वतःशी कबूल करावं.

ही भूमिका करणारा कॅल पेन, म्हणजे कल्पेन मोदी, त्याआधी २००२ च्या ‘व्हॅन वाइल्डर’मध्ये ‘ताज महाल बदलांदाबाद’ नावाच्या विदूषकाच्या वेशात होता. हॉलिवूडमध्ये आपल्या चेहऱ्याला तेव्हा तेवढीच जागा होती: विनोदी उच्चार आणि हलणारी मान. कुमारला उच्चार नाही. त्याला संस्कृतीचं ओझं नाही, त्याला भूक आहे. कोरियन आणि भारतीय घरांतली दोन पोरं अमेरिकन चित्रपटाचे नायक झाली, ती गणितात पहिली येऊन नव्हे, आळशी आणि भुकेली राहून. बरोबरीचा हक्क म्हणजे गोऱ्या पोराइतकाच मूर्खपणा करण्याची मुभा, हे २००४ मध्ये कोणत्याही गंभीर चित्रपटाने इतकं सरळ मांडलं नव्हतं. (पडद्यावर बर्गर चापणारा कॅल पेन खऱ्या आयुष्यात शाकाहारी, त्याच्यासाठी वेगळे बर्गर बनवले गेले. २००९ मध्ये तो ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरीला लागला.)

सगळ्यात वजनदार आक्षेप इथेच येतो. गांजा ओढून मजा मारायची चैन गोऱ्यांची, तुरुंग काळ्यांच्या वाट्याला. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०१३ मध्ये आकडेच दिले: २००१ ते २०१० या काळात गांजापायी ८० लाखांवर अटका, त्यांतल्या ८८ टक्के निव्वळ बाळगल्याबद्दल, आणि वापर दोघांत सारखाच असूनही काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या ३.७३ पट. हे वाचून हसू गोठतं, मान्य. पण या जातीतले उत्तम चित्रपट कोणी केले ते पाहा. चीच हा मेक्सिकन वंशाचा, लॉस एंजेलिसच्या पोलिसाचाच मुलगा. चाँगचा बाप चिनी. ‘फ्रायडे’ काळ्यांचा. मध्यरात्री रिकामा रस्ता ओलांडला म्हणून हॅरल्डला पोलीस दंड करतो, कुमारच्या नावावरून टवाळी करतो, आणि कोठडीत त्यांना भेटतो एक शांतपणे पुस्तक वाचत बसलेला काळा माणूस. त्याचा गुन्हा त्याच्या कातडीचा रंग. आकड्यांनी २०१३ मध्ये सांगितलं ते या ‘बाष्कळ’ चित्रपटाने नऊ वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. उलट ‘पाइनॅपल एक्स्प्रेस’ गोऱ्यांचा, पैसेवाला, दहा कोटी डॉलर कमावणारा. आणि त्यात पोलिसांच्या भीतीची जागा बंदुकांच्या धुमश्चक्रीने घेतली आहे. तो उत्तरार्धात मला कंटाळवाणा वाटतो. त्याचं काळीज पूर्वार्धात आहे: गांजा विकणारा सॉल गिऱ्हाइकाला जरा वेळ बसून जा म्हणून विनवतो. सगळे येतात, माल घेतात, निघून जातात. त्याला कोणी मित्र नाही.

ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही असा एक दोष आहे. या चित्रपटांत बायका नाहीत. असतात त्या खिडकीतून दिसणाऱ्या, मिळवायच्या, किंवा घाणेरड्या विनोदाच्या कामी आलेल्या. ‘एकच प्याला’त घरी सिंधू आहे, म्हणून प्याल्याची किंमत कळते. स्टोनर कॉमेडीत घरी कोणीच वाट बघत नाही, म्हणून सगळं गमतीचं राहतं. २००७ मध्ये ग्रेग अराकीने ‘स्मायली फेस’मध्ये ॲना फॅरिसला नायिका केलं आणि ती बेफाम विनोदी आहे, पण तिला मैत्रीण दिलेली नाही, बाई एकटीच भटकते. दोन मैत्रिणींची जोडी खऱ्या अर्थाने जमली ती टीव्हीवर, २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रॉड सिटी’त. समलिंगी माणसांवरचे विनोदही यांतल्या बहुतेकांत वाईट शिळे झाले आहेत. आक्षेप घ्यायचे तर इथे घ्या, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

स्मोकी साकारणारा क्रिस टकर ‘फ्रायडे’च्या पुढच्या भागांत आला नाही. सगळ्यांनी गांजा ओढावा असा संदेश आपल्याकडून जायला नको, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच्या सद्‌सद्विवेकाचा मला आदर आहे. नटाने आपल्या अंगावर काय घ्यायचं हे त्याने ठरवावं. त्यातून चित्रपट खोटा ठरत नाही.

आपल्या देशात तर हा सगळा कांगावा आणखी मजेशीर आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस बंद केले, पण झाडाची पानं व्याख्येबाहेर ठेवली, म्हणून भांग वाचली. १९७४ च्या ‘आप की कसम’मध्ये राजेश खन्ना आणि मुमताज शिवरात्रीची भांग पिऊन देवळापाशी नाचतात आणि आजी-आजोबांसकट सगळं घर ताल धरतं. २०१३ मध्ये ‘गो गोवा गॉन’ आला. त्यातली नवी गोळी घेतलेले सगळे झोंबी होतात आणि आपले दोघेतिघे वाचतात, कारण गोळी परवडायला खिशात पैसे नसतात. यात व्यसनाचा प्रचार कुठे आहे? गोव्याच्या माणसाने तक्रार करावी ती वेगळीच: या चित्रपटाला गोवा म्हणजे बाहेरच्यांची पार्टी, गोंयकार त्यात नावालाही नाही.

गांजाची खरी जाहिरात बघायचीच असेल तर ती आता राजरोस चालू आहे. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये गांजा खुला केला. चीच आणि चाँगच्या नावाने माल विकला जातो, ‘पाइनॅपल एक्स्प्रेस’मधला डेल साकारणाऱ्या सेथ रोगनची ‘हाउसप्लांट’ नावाची कंपनी आहे, सुबक डबे आहेत, मंद रंग आहेत, आणि त्यांत कोणी दुभाजकावर गाडी उभी करून बसलेलं नाही. दुकानं उघडली तसे या जातीतले चांगले चित्रपट यायचे जवळजवळ थांबले, हा योगायोग मला वाटत नाही. पोलिसाची भीती गेली, खिसा भरला, मग दोन दोस्तांच्या फजितीत उरतं काय?

तेव्हा व्यसनाविरुद्ध लढणाऱ्यांनी आपला दारूगोळा त्या सुबक डब्यांसाठी राखून ठेवावा. आणि चित्रपटांवर शिक्का मारण्याआधी एकदा ‘फ्रायडे’ शेवटपर्यंत बघावा, क्रेग पिस्तूल खाली ठेवतो तो प्रसंग येईपर्यंत उठू नये. त्यानंतरही मत बदललं नाही तर भांडायला या, मी तयार आहे.